कास्कास्किया: इलिनॉयची पहिली राजधानी, आज २१ माणसांचं गाव

नदीकाठचा

मिसिसिपी ही इलिनॉय आणि मिसूरी या राज्यांची सरहद्द. पूर्वेला इलिनॉय, पश्चिमेला मिसूरी. पण सेंट लुईसहून दक्षिणेला नदीच्या कडेकडेनं नकाशावर बोट फिरवत गेलात, तर एका ठिकाणी ही सरहद्द नदी सोडून पश्चिमेला वळसा घेते आणि इलिनॉयचा एक तुकडा मिसूरीच्या काठाला चिकटलेला दिसतो. त्या तुकड्यावर कास्कास्किया हे गाव आहे. २००० च्या जनगणनेत तिथं ९ माणसं होती, २०१० मध्ये १४, २०२० मध्ये २१. इलिनॉय १८१८ च्या डिसेंबरात अमेरिकेचं २१ वं राज्य झालं, तेव्हा त्याची राजधानी हे गाव होतं.

बहुतेक ठिकाणी या गावाची ओळख 'पुरानं गिळलेली राजधानी' एवढ्यावर आटपते. मला ते फार अपुरं वाटतं. नदीनं गाव नेलं हे खरं, पण नदी तिथवर कशी आली, त्या आधी तिथं कोण राहत होतं आणि गाव गेल्यावरही ते कागदावर कसं टिकलं, हे सगळं सांगण्याजोगं आहे. म्हणून हा धागा.

सुरुवात फ्रेंचांपासून करतात, ती मी कास्कास्किया लोकांपासून करतो. इलिनॉय नावाच्या जमातींच्या संघातली ही एक जमात. १६७३ मध्ये पाद्री मार्केत आणि जोलिए या फ्रेंच प्रवाशांना हे लोक भेटले ते इथं नाही, तर पार उत्तरेला, इलिनॉय नदीच्या वरच्या अंगाला. तिथं त्यांची मोठी वस्ती होती. मार्केतनं १६७५ मध्ये तिथं मिशन सुरू केलं. पुढं इरोक्वा टोळ्यांचे हल्ले, फर व्यापारातली चढाओढ अशा कारणांनी वस्ती दक्षिणेकडे सरकत गेली. आधी पिओरियाच्या सरोवरापाशी, १७०० मध्ये आजच्या सेंट लुईसजवळ, आणि १७०३ मध्ये ज्या नदीला पुढं त्यांचंच नाव पडलं तिच्या काठी. जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री सोबत होते, मागून फ्रेंच व्यापारी आले. म्हणजे जागा मुळात जमातीनं निवडली आणि फ्रेंच गाव तिच्या भोवती वाढलं. १७१९ च्या सुमारास फ्रेंच अंमलदारांनी दोन्ही वस्त्या वेगळ्या केल्या आणि मूळ लोकांना थोड्या अंतरावर हलवलं.

जागा निवडणाऱ्यांनी विचार केला होता. मिसिसिपीच्या पूर्व काठाला, सेंट लुईसच्या पलीकडून दक्षिणेला कास्कास्किया नदीपर्यंत, चुनखडीच्या उंच कड्यांच्या पायथ्याशी गाळाची सपाट पट्टी पसरलेली आहे. तिला 'अमेरिकन बॉटम' म्हणतात. काळी, भुसभुशीत, खत न मागणारी जमीन. फ्रेंचांनी तिथं गहू पिकवला आणि पीठ होड्यांत भरून न्यू ऑर्लिन्सला धाडलं. त्या दूरच्या शहराला उत्तरेकडच्या या चार-पाच गावांनी अनेक वर्षं धान्य पुरवलं.

शेतांची आखणीही बघण्यासारखी. प्रत्येकाला नदीपासून कड्यापर्यंत जाणारी अरुंद, लांबलचक पट्टी. त्यामुळं प्रत्येकाला पाणी, चांगली जमीन आणि कड्याजवळचं जळण, तिन्ही मिळायचं. घरं मात्र पट्टीवर विखुरलेली नसत, सगळी गावात एकत्र. गुरांसाठी गायरान सामाईक. घर बांधताना लाकडी खांब एकमेकांशेजारी उभे जमिनीत पुरायचे, फटी माती आणि गवताच्या लिंपणानं बुजवायच्या आणि चारही बाजूंनी पडवी काढायची. कास्कास्कियात तसं एकही घर उरलेलं नाही, पण मिसूरीतल्या सेंट जेनेव्हिव्ह गावात अशी घरं आजही उभी आहेत.

१७४१ मध्ये फ्रान्सचा राजा पंधरावा लुई यानं इथल्या चर्चला घंटा भेट दिली. ती फ्रान्समधल्या ला रोशेलला ओतलेली, समुद्र ओलांडून आणि मग न्यू ऑर्लिन्सहून प्रवाहाविरुद्ध होड्यांतून वर आणलेली. १७६३ च्या तहात हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि बरेच फ्रेंच नदी ओलांडून पश्चिमेला निघून गेले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, ४ जुलै १७७८ च्या रात्री, जॉर्ज रॉजर्स क्लार्क हा अमेरिकन सेनानी पावणेदोनशेच्या आसपास माणसं घेऊन आला आणि त्यानं एकही गोळी न झाडता गाव ताब्यात घेतलं. तेव्हा गावानं ही घंटा वाजवली, म्हणून तिला 'पश्चिमेची स्वातंत्र्यघंटा' म्हणतात. फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध घंटेपेक्षा ही वयानं मोठी आहे.

पुढचं भराभर सांगतो. १८०३ च्या नोव्हेंबर अखेरीस लुईस आणि क्लार्क (हा क्लार्क वेगळा, विल्यम) यांनी पॅसिफिक महासागरापर्यंतच्या आपल्या मोहिमेसाठी इथल्या लष्करी ठाण्यातून शिपाई निवडले. १८०९ मध्ये इलिनॉय प्रदेशाची राजधानी, १८१४ मध्ये इलिनॉयमधलं पहिलं वर्तमानपत्र, १८१८ मध्ये राज्याची राजधानी. १८२० मध्ये राजधानी व्हँडेलियाला गेली. व्हँडेलियाही याच कास्कास्किया नदीवर आहे, फक्त बरंच वर. तिथून १८३९ मध्ये ती स्प्रिंगफील्डला गेली.

आणि मग १८८१. त्यासाठी जुना नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागेल. गाव दोन नद्यांमधल्या जमिनीच्या जिभेवर होतं. पश्चिमेला मिसिसिपी, पूर्वेला कड्याला घासून वाहणारी कास्कास्किया. दोघी काही मैल शेजारी शेजारी वाहत दक्षिणेला एकत्र येत. गावाच्या उत्तरेला मात्र दोन्ही पात्रांमधली जमीन फार चिंचोळी होती आणि मिसिसिपी ती वर्षानुवर्षं कुरतडत होती. एप्रिल १८८१ च्या पुरात ती चिंचोळी पट्टी फुटली. मिसिसिपी कास्कास्कियाच्या पात्रात उतरली आणि तेच तिनं आपलं केलं.

गाव त्या रात्री बुडालं नाही, हे मुद्दाम लिहितो. छोट्या नदीच्या पात्रात मोठी नदी मावेना, म्हणून तिनं काठ खाऊन पात्र रुंद करायला घेतलं. पुढची पंधरा-वीस वर्षं घरामागून घर, रस्त्यामागून रस्ता जात राहिला. पहिल्या विधिमंडळाची बैठक झालेली इमारतही गेली. लोकांनी चर्च हलवलं, घंटा हलवली, दक्षिणेला आत सरकून नवं गाव आखलं. जुन्या दफनभूमीतले हजारो मृतांचे अवशेष उकरून पलीकडच्या टेकडीवर, गॅरिसन हिलवर, पुन्हा पुरले. आज मूळ गावाची बहुतेक जागा मिसिसिपीच्या पात्रात आहे.

कोणाकडे भर घालण्यासारखं असेल तर जरूर लिहा.

अवंतिका_प

वाचनखूण साठवली. एक शंका आहे. नदी हलली तर सरहद्दही हलायला हवी ना? गाव मिसूरीत का नाही गेलं?

कलम३२

अवंतिकाताई, याचा नियम ठरलेला आहे. नदी जर काठ हळूहळू खात, गाळ टाकत सरकली तर सरहद्द तिच्याबरोबर सरकते. पण नदीनं एकदम उडी मारून नवं पात्र धरलं, तर सरहद्द जुन्या पात्रातच राहते, मग तिथं पाणी असो वा नसो. कास्कास्कियात १८८१ ला दुसरा प्रकार घडला. म्हणून पश्चिमेकडचं जुनं, आता ओढ्यासारखं उरलेलं पात्र ही आजही राज्यसीमा आहे आणि मिसिसिपीचा मुख्य प्रवाह त्या ठिकाणी पूर्णपणे इलिनॉयच्या आतून वाहतो.

याच तऱ्हेचा दुसरा दाखला ओमाहात आहे. १८७७ मध्ये मिसूरी नदीनं तिथं पात्र बदललं. आयोवा आणि नेब्रास्का यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९२ मध्ये न्यायालयानं हेच तत्त्व लावलं. त्यामुळं कार्टर लेक हे गाव नदीच्या नेब्रास्काच्या बाजूला असूनही आयोवात आहे. ओमाहा शहरातून विमानतळावर जाताना मध्येच आयोवाची पाटी लागते, ती याचमुळं. तिकडे राहणाऱ्यांनी पाहिली असेल.

नियम कोरडा वाटतो, पण त्यामागचा विचार मला न्याय्य वाटतो. एका रात्रीच्या पुरानं कोणाचं राज्य, कर आणि जमिनीचे कागद बदलू नयेत.

अवंतिका_प

आता नीट कळलं, धन्यवाद. ओमाहाच्या त्या पाटीचं कोडं मला कित्येक दिवस होतं.

गाळपेर

मूळ लेख आवडला. नदी 'कुरतडत होती' असं म्हटलंय, त्यात थोडी भर घालतो, कारण यात माणसाचा हात मोठा आहे.

सेंट लुईसला पहिली वाफेची बोट १८१७ मध्ये आली. पुढच्या काही दशकांत या नदीवर बोटींची रीघ लागली. या बोटींचं इंधन म्हणजे लाकूड. एकेक बोट रोज ढिगांनी लाकूड जाळायची आणि ठरावीक अंतरावर काठाला थांबून नवं भरून घ्यायची. लाकूड तोडून, रचून बोटींना विकणं हा काठावरच्या माणसांचा धंदाच झाला. जवळचं आणि सोपं म्हणून आधी गेली ती अगदी काठावरची झाडं.

गाळाच्या काठाला धरून ठेवतात ती मुळं. ती गेल्यावर पुराचं पाणी काठाच्या तळाशी लागतं, खालची वाळू निघून जाते आणि वरचा भाग दरडीसारखा खचतो. पात्र रुंद आणि उथळ होत जातं, मधोमध वाळूची बेटं पडतात, प्रवाह काठाकडे ढकलला जातो आणि काठ आणखी खचतो. अमेरिकन बॉटमच्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात हेच झालं. १८४४ चा प्रचंड पूर या उघड्या काठांवर आला. १८८१ ला फुटलेली ती चिंचोळी पट्टी चाळीस वर्षं आधीपासून दुबळी होत होती.

नदीनं नवं पात्र का सोडलं नाही, तर तिला जवळचा आणि जास्त उताराचा रस्ता मिळाला. असा रस्ता मिळाला की नदी आपणहून मागे फिरत नाही.

नदीकाठचा

गाळपेर, फार मोलाची भर. कड्यावरच्या जुन्या किल्ल्याच्या जागेवरून पाहिलं की हे सगळं एका नजरेत समजतं. खाली पायथ्याशी पिएर मेनार्डचं घर आहे. तो इलिनॉयचा पहिला उपराज्यपाल. त्याचं घर कास्कास्किया नदीच्या पूर्वेला, कड्याच्या कुशीत होतं म्हणून वाचलं. समोर पाण्यापलीकडे गाव होतं, ते गेलं. घराची रुंद पडवी आणि उतरतं छप्पर पाहून जुन्या गावाची कल्पना करता येते.

शालन_देव

लेख उत्तम, पण गावाचं चित्र थोडं गोड झालंय. गहू पिकवणारे हात कोणाचे होते तेही यायला हवं. कास्कास्कियात गुलामगिरी होती. आफ्रिकेतून आणलेले लोक होते, पकडून विकलेले इतर जमातींचे मूळ रहिवासीही होते. खुद्द जेझुइट मिशनकडे गुलाम होते. १७६३ मध्ये फ्रेंच सरकारनं जेझुइटांची मालमत्ता जप्त करून लिलावात काढली, त्यात ती माणसंही विकली गेली. १७८७ च्या कायद्यानं ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी केली, तरी जुन्या फ्रेंच रहिवाशांचे गुलाम तसेच राहिले. १८१८ मध्ये याच गावात झालेल्या राज्यघटनेनंही दीर्घ मुदतीच्या वेठीच्या करारांना वाट ठेवली. मेनार्डच्या ज्या घराबद्दल तुम्ही लिहिलंत, तिथंही गुलाम राबत होते.

आणि एका बाईबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मारी रुएन्सा. कास्कास्कियांच्या प्रमुखाची मुलगी. १६९४ मध्ये, अजून वस्ती उत्तरेला असताना, वडिलांनी तिचं लग्न मिशेल आको या फ्रेंच व्यापाऱ्याशी ठरवलं. तिनं साफ नकार दिला. ती नुकतीच ख्रिस्ती झाली होती आणि पाद्री ग्राव्हिए यांच्या शिकवणीचा तिच्यावर पगडा होता. वडिलांनी तिला घराबाहेर काढलं. शेवटी ती लग्नाला तयार झाली ती स्वतःच्या अटी घालून. आई-वडील ख्रिस्ती झाले, आकोनंही वागणूक सुधारायचं कबूल केलं. आको गेल्यावर तिनं दुसरं लग्न केलं आणि कास्कास्कियातल्या श्रीमंत घरांपैकी एक उभं केलं. १७२५ मध्ये मरणापूर्वी तिनं मृत्युपत्र सांगितलं ते आपल्या इलिनॉय भाषेत. ते तिला पुन्हा वाचून दाखवलं गेलं आणि मग फ्रेंचमध्ये उतरवलं गेलं. एक मुलगा फ्रेंच राहणीमान सोडून जमातीत राहायला गेला होता, त्याच्या वाट्यावर तिनं त्यात अट घातली. तिला चर्चच्या आत, जमिनीखाली पुरलं. त्या गावात हा मान फारच थोड्यांना मिळाला.

तिच्या मालमत्तेच्या यादीत घरं, धान्याची कोठारं, गुरं आहेत आणि गुलामही आहेत. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत, आणि दोन्ही सांगायला हव्यात.

नदीकाठचा

शालनताई, अगदी बरोबर, हे या धाग्यात हवंच होतं.

कास्कास्किया लोकांचं पुढं काय झालं तेही इथं लिहितो. रोगराई, दारू आणि युद्धांत जमात खंगत गेली. प्रमुख जाँ बातीस्त द्युक्वान यानं १८०३ मध्ये अमेरिकेशी तह केला आणि आजच्या इलिनॉयचा मोठा भाग सोडून दिला. १८३२ च्या तहानंतर उरलेले लोक आधी कॅन्सासला, मग १८६७ नंतर ओक्लाहोमाला गेले. आज त्यांचे वंशज पिओरिया जमातीत आहेत. सरकारनं १९५९ मध्ये या जमातीची मान्यता काढली, लोकांनी झगडून १९७८ मध्ये ती परत मिळवली. जेझुइटांनी कास्कास्कियांमध्ये राहून लिहिलेला इलिनॉय-फ्रेंच शब्दकोश टिकला आहे. ज्या भाषेत मारीनं मृत्युपत्र सांगितलं, ती समजून घ्यायला तो फार मोठा आधार आहे.

रोखठोक_७

माहिती चांगली आहे, पण एक प्रश्न विचारतोच. १९९३ च्या महापुरात जुन्या आणि नव्या पात्रांमधलं हे बेट पुन्हा बुडालं होतं ना? मग २१ माणसांसाठी सरकारनं बांधावर पैसा का घालावा? त्यांना मिसूरीत चांगली घरं द्यावीत आणि बेट नदीला देऊन टाकावं. भावनेपोटी किती वेळा तेच करायचं?

गाळपेर

हो, २२ जुलै १९९३ ला बांध फुटला आणि अख्खं बेट पाण्याखाली गेलं. बरेच लोक परतले नाहीत.

पण तो बांध केवळ घरांसाठी नाही. बेटावर हजारो एकर शेती आहे, मका आणि सोयाबीन. ती कसणारे बरेच जण बेटाबाहेर राहतात, जनगणनेच्या आकड्यात ते दिसत नाहीत. बेट नदीला द्यायचं तर या जमिनीची किंमत कोणी आणि किती द्यायची, इथून सुरुवात करावी लागेल. तुमचा मुद्दा चुकीचा नाही. १९९३ नंतर मिडवेस्टमध्ये असं झालंही आहे. याच पट्टीतलं वाल्मायर गाव कड्यावर जाऊन नव्यानं वसलं. पण वाल्मायरला हलायला त्याच कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात, उंच जमीन जवळ होती. कास्कास्कियाला ती नाही. कड्यावर जायचं तर मध्ये मिसिसिपी, आणि पश्चिमेला गेलं तर राज्यच बदलतं.

कृष्णाकाठ

रोखठोक, मी सांगलीचा. २००५ आणि २०१९ दोन्ही वेळा घरात पाणी होतं. 'तिथं राहताच कशाला' हे आम्हालाही खूप जणांनी विचारलं. जमीन जिथं आहे तिथं माणूस राहतो. एवढंच सांगायचं होतं.

रोखठोक_७

कृष्णाकाठ, तुमचा अनुभव मान्य. माझा आक्षेप लोकांच्या राहण्याला नाही, सरकारी हिशेबाला आहे. पण वाल्मायरची तुलना पटली. राज्यच बदलतं हा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता.

कलम३२

आणखी एक बाजू. १७८५ मध्येही इथं भयंकर पूर आला होता. समोरचं सेंट जेनेव्हिव्ह तेव्हा सखल जागी होतं. त्या पुरानंतर तिथले लोक काही वर्षांत उंचावर सरकले आणि ते गाव आजही जुन्या घरांसह उभं आहे, त्यातली काही घरं आता राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहेत. कास्कास्कियालाही त्या पुराचा तडाखा बसला होता, पण गाव जागेवरच राहिलं. पुढं राजधानीचा मान मिळाला तोही त्याच सखल जागी.

मेधा_सेंट_लुईस

छान धागा, पु. ले. शु.! आम्ही उन्हाळ्यात मुलांना घेऊन जायचा विचार करतोय. एका दिवसात काय काय होईल? आणि बेटावर जायला इलिनॉयकडून रस्ता आहे का?

नदीकाठचा

मेधाताई, इलिनॉयकडून बेटावर रस्ता नाही. मिसूरीतल्या सेंट मेरी गावातून जुन्या पात्रावरचा छोटा पूल ओलांडला की तुम्ही पुन्हा इलिनॉयमध्ये. बेटाचा पिनकोडही मिसूरीचा आहे. गावकऱ्यांना कौंटीच्या कामासाठी चेस्टरला जायचं तर मिसूरीतून फिरून मिसिसिपीवरच्या चेस्टर पुलानं जावं लागतं.

एका दिवसात सगळं होतं. सेंट लुईसहून आधी सेंट जेनेव्हिव्ह, जुनी घरं नीट वेळ देऊन पाहा. मग सेंट मेरीवरून बेटावर. तिथं चर्च आणि त्याच्या शेजारी १९४८ मध्ये बांधलेल्या विटांच्या छोट्या इमारतीत घंटा आहे. मग चेस्टर पुलावरून पूर्वेला जा. चेस्टर हे पॉपाय या कार्टूनच्या चित्रकाराचं, एल्झी सीगरचं गाव, मुलांना तिथले पुतळे आवडतील. तिथून उत्तरेला फोर्ट कास्कास्किया, गॅरिसन हिलची दफनभूमी आणि मेनार्डचं घर. वेळ उरला तर तसंच कड्याच्या पायथ्यानं प्रेरी डू रोशेपर्यंत या. ते फ्रेंच गाव वाचलंय. तिथं ३१ डिसेंबरच्या रात्री घरोघर फिरून जुनं फ्रेंच गाणं म्हणायची प्रथा अजून चालू आहे. लांब पट्ट्यांची शेतंही तिथं दिसतात.

मेनार्डचं घर आतून पाहायचं असेल तर निघण्याआधी वेळ विचारून घ्या. बेटावर खायला-प्यायला मिळेल या भरवशावर जाऊ नका, पाणी आणि डबा सोबत ठेवा. आणि मिसिसिपीला पूर असेल तर रस्ते उघडे आहेत का ते आधी पाहा.